आपला माणूस, पक्षाचा माणूस की लायक माणूस?

राष्ट्रपतिपदाची निवडणूक आली की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येते, "त्यात आपला काय संबंध?" वरवर पाहता खरेच आहे. त्या निवडणुकीत तुमच्या बोटाला शाई लागत नाही. मत देतात ते खासदार आणि आमदार.

पण आमदाराचे मत तिथे नुसते एक धरत नाहीत. महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५ धरले जाते. १९७१ च्या जनगणनेतील राज्याच्या लोकसंख्येला २८८ आमदारांनी भागा, पुन्हा हजाराने भागा, की हा आकडा येतो. म्हणजे त्या मतामागे पेण-रोह्याची माणसेच उभी आहेत. म्हणून आमदार ते मत कसे ठरवतो, हे तुम्ही जाणून घ्यायला हवे.

रोह्याचा उमेदवार

आपल्या जिल्ह्याचा तर या निवडणुकीशी जवळचा संबंध आलेला आहे. १९६९ साली डॉ. चिंतामणराव देशमुख राष्ट्रपतिपदाला उभे होते. जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. घराणे रोह्याचे. रोह्याच्या महाविद्यालयाला आज त्यांचेच नाव आहे. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाब्याच्या मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठवले. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचे दिल्लीत ठरू लागले, तेव्हा १९५६ साली त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले.

१९६९ च्या मे महिन्यात राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे निधन झाले. काँग्रेसने अधिकृत उमेदवार म्हणून नीलम संजीव रेड्डी यांना उभे केले. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी मात्र सदसद्विवेकाला स्मरून मत द्या, असे सांगितले आणि काँग्रेसमध्ये सरळ दोन तट पडले. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी चिंतामणरावांना पाठिंबा दिला.

आता तुम्ही त्या वेळच्या एखाद्या मराठी काँग्रेस आमदाराच्या जागी उभे राहून बघा. पक्ष म्हणतो रेड्डी. पंतप्रधानांचा कल गिरींकडे. आणि तिसरीकडे महाराष्ट्रासाठी खुर्ची सोडलेला आपला माणूस, पण पाठीशी विरोधी पक्ष. कोणाला द्याल?

दुसऱ्या पसंतीची किंमत

या निवडणुकीत शिक्का मारायचा नसतो. उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून जास्त मते पडली नाहीत, तर सर्वांत मागे असलेला बाद होतो आणि त्याच्या कागदांवरची पुढची पसंती मोजतात.

१९६९ ला नेमके तेच झाले. विजयाला ४,१८,१६९ मते हवी होती. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि चिंतामणरावांना १,१२,७६९ मते पडली. हे सारे आकडे मतमूल्याचे. मागचे उमेदवार एकेक बाद होत गेले, तसे रेड्डी ४,०५,४२७ पर्यंत चढले. गिरी ४,२०,०७७ वर पोचले आणि निवडून आले. गरजेपेक्षा जेमतेम १,९०८ जास्त!

आणखी एक हिशेब करा. शेवटच्या दोघांची बेरीज ८,२५,५०४ होते. एकूण वैध मते होती ८,३६,३३७. राहिलेली १०,८३३ मते मध्येच संपली, कारण त्या कागदांवर या दोघांपैकी कोणापुढेही आकडा नव्हता. विजयाचे अंतर होते १४,६५०. पुढचा आकडा न लिहिणे हाही एक निर्णयच असतो.

आपला माणूस म्हणून दिलेली मते विजयी झालेलीही आहेत. २००७ साली जळगावच्या प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या, तेव्हा शिवसेना भाजपच्या आघाडीत असूनही तिने मराठी माणूस म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. हे होऊ शकते, कारण या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही आणि मतदान गुप्त असते. निर्णय आमदाराचा, जबाबदारीही त्याचीच.

गावात दुसरी पसंती नाही

तुमचा म्हणाल, तर थेट निर्णय सरपंचाचा. २०१७ साली सरपंचाची निवड थेट जनतेतून सुरू झाली, २०२० साली ती बंद झाली आणि २०२२ साली पुन्हा आली. येथेही तोच पेच असतो. एक उमेदवार भावकीतला, दुसरा पॅनेलचा, तिसरा कामाचा. पण येथे १, २, ३ लिहायची सोय नाही. एकच बटण. ज्याला जास्त मते तो सरपंच, मग ती गावाच्या एक तृतीयांशच का असेनात! म्हणून दुसऱ्या पसंतीचा विचार मतदानाच्या आधी, घरीच करून जायचा.

सरपंचाचे मत वेगळे आणि सदस्यांचे वेगळे. सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचे, असे झाले की ठराव अडतात आणि निधी पडून राहतो. अविश्वास आणायचा तर नुसत्या सदस्यांच्या ठरावाने भागत नाही, ग्रामसभेची मान्यता लागते. चुकीचा माणूस निवडला तर तो सहजासहजी बदलता येत नाही, हे ध्यानात धरा.

तेव्हा दारात येणाऱ्या उमेदवाराला चार गोष्टी विचारा. खारेपाटात असाल तर, उधाणात बांधाला खांड पडली तर पहिल्या दिवशी काय करणार? रोह्याकडे असाल तर, कालव्याच्या पाण्यासाठी आणि कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी कोणाकडे लेखी पाठपुरावा केला? गेल्या वर्षी किती ग्रामसभांना हजर होता? आणि विरोधी पॅनेलचे सदस्य निवडून आले तर त्यांच्याबरोबर काम कसे करणार? उमेदवाराने मालमत्तेचे आणि गुन्ह्यांचे घोषणापत्र दिलेले असते. ते मागून वाचा.

पेणकरांना हे नवे नाही. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांच्या शेतकऱ्यांनी विशेष आर्थिक क्षेत्राबाबत मत दिले. तिथे ना उमेदवार होता, ना चिन्ह. जमीन द्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. त्या दिवशी जसा सातबारा डोळ्यांपुढे ठेवून विचार केला, तसाच विचार सरपंच निवडतानाही करा.

आपला माणूस जरूर बघा. पण तो आपला का, हे आधी विचारा. नात्याने आपला असेल तर लग्नाला बोलवा. मत द्यायचे ते कामाने आपला असलेल्याला.