वाणीस्वातंत्र्याचा अर्थ आणि त्याच्या मर्यादा

भाषणस्वातंत्र्याचा विषय निघाला की चर्चेत बहुधा सरकार येते. सरकारने अमुक पुस्तकावर बंदी घातली, तमुक पत्रकारास अटक केली, एखाद्या नाटकाचा प्रयोग थांबविला. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) ने दिलेला हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्धचा असल्यामुळे हे स्वाभाविकही आहे. तथापि आपल्या समाजाचा इतिहास पाहता, आपले तोंड बंद ठेवण्यासाठी कोणत्याही सरकारला वेगळा कायदा करावा लागला नव्हता. गावाने, पाणवठ्याने, शाळेच्या ओट्याने आणि छापखान्याच्या मालकाने ते काम परस्पर उरकले होते. म्हणून या विषयाकडे दिल्लीच्या न्यायालयातून न येता आपल्याच कळमेश्वर तालुक्यातील मोहपा या गावातून यावे, असे मला वाटते.

किसन फागुजी बनसोडे यांचा जन्म १८७९ साली मोहप्याचा. त्यांचे सारे कार्य नागपुरात झाले. १९१० च्या सुमारास त्यांनी स्वतःचा छापखाना उभा केला आणि ‘निराश्रित हिंद नागरिक’ हे पत्र काढले. पुढे १९१३ साली ‘विटाळ विध्वंसक’, १९१८ साली ‘मजूर पत्रिका’ आणि तिसाव्या दशकात ‘चोखामेळा’ ही पत्रे त्यांनी चालविली. ‘विटाळ विध्वंसक’ हे नाव वाचताना गोपाळबाबा वलंगकरांच्या ‘विटाळ विध्वंसन’ या पुस्तिकेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ज्या काळी अस्पृश्य वस्तीत अक्षरओळख असलेला माणूस शोधावा लागे, त्या काळी हा गृहस्थ एकामागून एक वृत्तपत्र काढत होता. एक बंद पडले की दुसरे. वर्गणीदार थोडे, त्यांतले वेळेवर पैसे देणारे आणखी थोडे, हे त्या काळच्या सर्वच बहुजन पत्रांचे दुखणे होते. तरीही छापखाना स्वतःचा असणे याला फार मोठा अर्थ होता. दुसऱ्याच्या पत्रात आपले चार ओळींचे निवेदन छापून येणे ही संपादकाची मेहेरबानी असते आणि मेहेरबानी केव्हाही मागे घेतली जाते.

ती कशी मागे घेतली जाते, याचे उदाहरण लवकरच घडले. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असल्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. या पाक्षिकाची जाहिरात पैसे घेऊन छापावी, अशी विनंती ‘केसरी’स करण्यात आली. ‘केसरी’ने ती नाकारली. लोकमान्य टिळक त्या वेळी हयात होते. लेखनाबद्दल राजद्रोहाचा आरोप सोसून मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षे काढलेल्या पुरुषाचे हे पत्र. परकीय सरकारने लेखणीवर घातलेला घाला त्याला अचूक दिसत होता, पण आपण दुसऱ्याच्या लेखणीवर घालीत असलेला घाला दिसला नाही. ‘मूकनायक’वर ब्रिटिश सरकारने बंदी घातली नव्हती. कायद्याच्या दृष्टीने बाबासाहेब पूर्ण स्वतंत्र होते. तरीही हा आवाज लोकांच्या कानी जाऊ नये, अशी व्यवस्था समाजाने केलीच.

यातून वाणीस्वातंत्र्याचा जो अर्थ निघतो तो कायद्याच्या पुस्तकातील अर्थापेक्षा मोठा आहे. मनाईहुकूम नाही एवढ्याने माणूस बोलू शकत नाही. त्यासाठी अक्षरे लागतात, कागद लागतो, उभे राहण्यास जागा लागते, उद्या मजुरी बंद होणार नाही याची शाश्वती लागते आणि ऐकणारा लागतो. निवासी शाळा ही संस्था आपल्या समाजाला इतकी जिव्हाळ्याची का, याचे उत्तर मला येथे सापडते. आठ-दहा वर्षांचे मूल घरापासून दूर ठेवताना आईच्या जिवाची काय अवस्था होते हे पालकांना ठाऊक आहे. त्या बदल्यात त्या मुलाला जे मिळते, त्यात चारचौघांत उभे राहून पूर्ण वाक्य बोलण्याचे बळ हे मी गुणपत्रिकेच्या आधी मोजतो.

आता बाबासाहेबांनी हा हक्क स्वतः कसा वापरला ते पाहू. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलाविले. भाषण लिहून पाठविल्यावर मंडळ घाबरले आणि वेदांविषयीचा व धर्माच्या मुळाशी हात घालणारा मजकूर गाळावा, अशी गळ घालू लागले. बाबासाहेबांनी काहीही बदलण्यास नकार दिला. परिषद रद्द झाली. त्यांनी स्वखर्चाने पंधराशे प्रती छापून ते भाषण लोकांपुढे ठेवले. हे आपण सर्व जाणतो आणि जयंतीच्या व्याख्यानांतून ऐकतो. पण पुढची गोष्ट तितकी सांगितली जात नाही. महात्मा गांधींनी ‘हरिजन’ साप्ताहिकातून या पुस्तकावर टीका केली. १९३७ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाबासाहेबांनी गांधींची ती टीका आपल्याच पुस्तकात परिशिष्ट म्हणून छापली आणि तिच्यापुढे आपले उत्तर ठेवले. ज्याचे खंडन करायचे त्याचे म्हणणे वाचकाच्या हाती आधी द्यायचे, मग आपले सांगायचे. इतका निर्भय वादपटू आपल्या सार्वजनिक जीवनात क्वचितच झाला असेल.

वकील म्हणूनही त्यांनी हीच भूमिका घेतली. १९२६ साली दिनकरराव जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून पुण्यात बदनामीचा खटला झाला. त्यात केशवराव जेधे, बागडे, जवळकर आदींच्या वतीने बाबासाहेब उभे राहिले आणि आरोपी सुटले. त्या पुस्तकाची भाषा जहाल आहे. माझ्या विद्यार्थ्याने निबंधात तशी लिहिली तर मी लाल शाईची बाटली संपवीन. परंतु भाषा आवडणे आणि बोलण्याचा हक्क मान्य करणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हाही बाबासाहेबांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. विषय कामविज्ञानाचा. अशा कामात नाव गुंतणे त्या काळी कोणत्याही राजकीय पुढाऱ्याला परवडणारे नव्हते. तो खटला ते हरले आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

मग मर्यादा कोठे? घटना परिषदेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना, मूलभूत हक्कांना इतके अपवाद का, या टीकेस बाबासाहेबांनी उत्तर दिले होते. अमेरिकेतही हे हक्क निरपवाद नाहीत, हे त्यांनी तेथील सर्वोच्च न्यायालयाचा दाखला देऊन दाखविले. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत, ते कायदेमंत्री असताना, निर्बंधांची कारणे वाढली; पण निर्बंध ‘वाजवी’ असला पाहिजे हा शब्दही अनुच्छेद १९(२) मध्ये त्याच दुरुस्तीने आला. तो शब्द आल्यामुळे निर्बंध वाजवी आहे की नाही हे तपासण्याचे काम न्यायालयाकडे गेले. आजची कारणे अशी : देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधास चिथावणी. ही यादी सावकाश वाचावी. ‘भावना दुखावणे’ हे शब्द तिच्यात कोठेही नाहीत. धार्मिक भावनांविषयीचे जे दंडविधान आहे त्यालाही हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेले कृत्य लागते. कोणीतरी नाराज झाला एवढे पुरत नाही.

या प्रश्नाची कसोटी आपल्याच समाजाने दिलेली आहे, तीही दोनदा. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचा चौथा खंड प्रकाशित केला. संपादक होते आपल्या नागपूरचे वसंत मून. त्यातील ‘रिडल्स इन हिंदुइझम’मधील राम व कृष्ण यांच्यावरील परिशिष्टाने काही संघटनांच्या भावना दुखावल्या. ते गाळावे म्हणून मोर्चे निघाले, प्रती जाळण्यात आल्या आणि शासन डळमळले. तेव्हा ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत आंबेडकरी जनतेचा लाखोंचा मोर्चा निघाला. गटातटांत विभागलेले सारे नेते त्या दिवशी एका रस्त्यावर आले. अखेर परिशिष्ट कायम राहिले आणि शासन या मतांशी सहमत असेलच असे नाही, अशा आशयाची टीप जोडण्यात आली. आपली त्या वेळची मागणी नेमकी काय होती? दुसऱ्याच्या भावना दुखावतात म्हणून विद्वानाचे एक पानही फाडता येणार नाही, ही.

दुसरी वेळ २०१२ ची. शंकर यांनी १९४९ साली काढलेले व्यंगचित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात होते. घटनारूपी गोगलगाईवर बाबासाहेब बसलेले आणि मागे नेहरू चाबूक घेऊन उभे. मे महिन्यात संसदेत गदारोळ झाला आणि ते चित्र काढण्याचा निर्णय झाला. पाठ्यपुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची आपल्यातील काहींनी मोडतोड केली.

त्या चित्राविषयीचा राग मी समजू शकतो. वर्गात पन्नास मुले आहेत, त्यांत आपली दोन. पान उघडते, मागच्या बाकावरून हसू ऐकू येते आणि ती दोन मुले खाली पाहतात. चाबूक ही आपल्याकडे नुसती रेघ नसते. पाठ्यपुस्तक हे वर्तमानपत्र नव्हे; मुलाला ते मिटून ठेवण्याची मुभा नसते. म्हणून ते चित्र पुस्तकात असावे की नसावे, हा वाद घालण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार होता आणि तो घालायलाच हवा होता. पण प्राध्यापकाच्या खोलीतील खुर्च्या तोडणे हा वाद नव्हे. १९८८ साली आपण ज्या तत्त्वासाठी रस्त्यावर आलो त्याच तत्त्वाच्या काचा त्या दिवशी फुटल्या. माझे हे मत काही मित्रांना पटत नाही, आणि त्यांनी तसे लिहावे.

तर मर्यादेची रेषा मी अशी ओढतो. ग्रंथ, देव, धर्म, पक्ष, पुढारी, परंपरा यांवरील टीका, कितीही कडू असली तरी, रेषेच्या आत. माणसाला त्याच्या जन्मावरून हीन ठरविणारे, त्याला घाबरवून गप्प करणारे किंवा त्याच्यावर हात उगारण्यास इतरांना चिथावणारे बोलणे रेषेच्या बाहेर. कारण ते बोलणे दुसऱ्याचे बोलणेच संपविते. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात सार्वजनिक नजरेच्या ठिकाणी जातीवरून केलेला अपमान व शिवीगाळ हा गुन्हा आहे, तो याच न्यायाने. हा कायदा वाणीस्वातंत्र्याला संकुचित करतो असे म्हणणाऱ्यांनी कोणाची वाणी, हा प्रश्न आधी विचारावा.

याच कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आणखी एक तरतूद आली. आपल्या समाजास अत्यंत आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा शब्दांनी वा अन्य प्रकारे अनादर करणे हाही गुन्हा झाला. पुतळ्यांची विटंबना आणि समाजमाध्यमांवरील गलिच्छ चित्रे पाहता तिची गरज कोणीही नाकारणार नाही. पण ही तरतूद जपून वापरली पाहिजे. अनादर आणि मतभेद यांत अंतर आहे आणि ते अंतर पुसले गेले तर पहिला आरोपी मोहप्याचा निघेल.

कारण १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा किसन फागुजी बनसोडे यांनी तिला विरोध केला. चोखोबांच्या भक्तिपरंपरेत राहूनच आपला मार्ग निघेल, असे त्यांचे मत होते. १९५६ च्या अशोक विजयादशमीने त्या मताचा निकाल लावला. मी स्वतः त्या निकालाचे फळ आहे. परंतु १९४६ साली बनसोडे गेले ते आपले मत बाळगूनच. त्यांना आपण काय म्हणायचे? अस्पृश्यांच्या पत्रकारितेचे विदर्भातील आद्य पुरुष, की धम्मक्रांतीचे विरोधक? इतिहासाचा शिक्षक म्हणून मी दोन्ही शिकवितो, एकाच तासात.

तथागतांच्या उपदेशात या प्रश्नाचा विचार आहे. मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात राजकुमार विचारतो, दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे बुद्ध बोलतील काय? त्याच्या मांडीवर तान्हे मूल असते. भगवान विचारतात, या मुलाच्या तोंडात खडा गेला तर तू काय करशील? राजकुमार म्हणतो, रक्त आले तरी बोट घालून काढीन, मला त्याची दया आहे म्हणून. जे खरे आहे आणि हिताचे आहे ते अप्रिय असले तरी तथागत योग्य वेळ पाहून बोलतात. जे खोटे वा अहिताचे ते प्रिय असले तरी बोलत नाहीत. बावीस प्रतिज्ञांत खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे, तिच्याशी हे जुळते. ऐकणाऱ्याला बरे वाटते की नाही, ही कसोटी त्यात नाही.

माजी विद्यार्थ्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील एका साध्या मजकुरासाठी अटक झाली. एकीने लिहिले होते आणि दुसरीने तो नुसता पसंत केला होता. त्या प्रकरणातून सुरू झालेल्या लढ्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. तरीही इतर कलमे शिल्लक आहेत आणि रात्री बारा वाजता पुढे ढकललेल्या संदेशाची जबाबदारी पुढे ढकलणाऱ्यावरही येऊ शकते. जयंतीच्या आठवड्यात कोणी मुद्दाम डिवचणारे चित्र पाठविले तर ते गटागटांत फिरवू नये. त्याची प्रत तारीख-वेळेसह जतन करावी आणि लेखी तक्रार द्यावी. आणि कोणी नुसतेच वेगळे मत लिहिले असेल तर उत्तर लिहावे.

शाळेच्या व्यवस्थापनासमोर या निमित्ताने एक सूचना ठेवतो. वसतिगृहाच्या भित्तिपत्रकात एक कोपरा हरकतींसाठी राखावा. मुलाने शिक्षकाच्या, पुस्तकाच्या, हवे तर या लेखातील विधानाला हरकत घ्यावी. ती त्याच्या अक्षरात, त्याच्या चुकांसह लावावी आणि आठवड्याच्या आत शिक्षकाने तिच्याखाली आपले उत्तर लावावे. हरकतीचा कागद आधी, उत्तराचा नंतर, १९३७ च्या आवृत्तीसारखा.