आकाश मोकळे, तरी विमान खोळंबलेले

समजा, अथेन्सहून लंडनला जाणारे एक विमान सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवासी बसले आहेत, दारे लागली आहेत, दोन्ही शहरांत हवा स्वच्छ आहे. तरीही वैमानिक सांगतो की, वाटेत गर्दी असल्यामुळे उड्डाणाला १५ मिनिटे उशीर होईल. खिडकीतून तर निळेभोर, रिकामे आकाश दिसते आहे. मग ही गर्दी असते तरी कोठे?

यासाठी आकाशाची वाटणी कशी केलेली असते ते पाहू. युरोपचे आकाश शेकडो कप्प्यांत विभागलेले आहे. अशा कप्प्याला सेक्टर म्हणतात. एका सेक्टरवर सामान्यतः दोन नियंत्रक असतात. एक वैमानिकांशी बोलतो, तर दुसरा शेजारच्या सेक्टरांशी संपर्क ठेवतो. उंचावरून जाणारी दोन विमाने एकाच पातळीवर असतील तर त्यांच्यात सुमारे ९ किलोमीटर अंतर हवे. नाहीतर त्यांच्या उंचीत १,००० फुटांचा फरक हवा. ताशी ८०० किलोमीटर वेगाचे विमान ९ किलोमीटर अंतर ४० सेकंदांत कापते. दोन विमाने समोरासमोर येत असतील तर हेच अंतर २० सेकंदांत संपते. त्यामुळे नियंत्रकाला कित्येक मिनिटे पुढचा विचार करावा लागतो. एका माणसाला एका वेळी किती विमानांवर असे लक्ष ठेवता येईल, यावरून सेक्टरची क्षमता ठरते. म्हणजेच कमी पडते ती आकाशातील जागा नव्हे, तर माणसाचे लक्ष.

सेक्टर लहान केले तर? काही प्रमाणात तसे करतातही. पण सेक्टर फार लहान झाला की विमान तो थोड्याच मिनिटांत ओलांडते. मग नियंत्रकाचा बराचसा वेळ विमान एकाकडून घेऊन दुसऱ्याकडे सोपवण्यातच जातो.

आता थोडे गणित करू. एका सेक्टरची क्षमता तासाला ४० विमाने आहे. सकाळी ८ ते ९ या तासात तेथून ५० विमानांना जायचे आहे. अर्थात १० विमाने मागे राहतील. पुढच्या प्रत्येक तासात बरोबर ४० विमाने आली, तर ही १० विमानांची रांग दिवसभर तशीच राहील आणि प्रत्येक विमानाला १५ मिनिटे थांबावे लागेल. रांग संपण्यासाठी ४० पेक्षा कमी विमानांचा तास यावा लागतो. उशीर हा असा एका तासात निर्माण होतो आणि पुढच्या अनेक तासांवर पसरतो. शिवाय तेच विमान दिवसभरात आणखी काही फेऱ्या करणार असते. सकाळचा उशीर संध्याकाळच्या प्रवाशांपर्यंत पोचतो तो असा.

रांग अटळच असेल तर ती कोठे लावायची? विमानाला हवेत थांबता येत नाही. घिरट्या घालाव्या लागतात आणि त्यात इंधन जळते. म्हणून त्याला सुटण्यापूर्वी जमिनीवरच थांबवणे शहाणपणाचे. पण अथेन्समधील विमान केव्हा सोडावे हे वाटेतल्या साऱ्या सेक्टरांची स्थिती एकत्र पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. १९६० च्या कराराने सहा देशांनी 'युरोकंट्रोल' ही संस्था स्थापन केली. आज तिचे सदस्य चाळीसहून अधिक आहेत. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून तिचे ब्रसेल्समधील केंद्र साऱ्या युरोपातील उड्डाणांचे आराखडे एकत्र तपासते. एखाद्या सेक्टरमध्ये क्षमतेपेक्षा जास्त विमाने येणार असे दिसले, तर हे केंद्र उड्डाणाची वेळ म्हणजे स्लॉट ठरवून देते. या वेळेच्या ५ मिनिटे आधीपासून १० मिनिटे नंतरपर्यंत विमानाने उडायचे असते. आपल्या प्रवाशांना मिळालेली १५ मिनिटे ही अशी हिशेब करून दिलेली असतात.

रांग लावल्याने क्षमता मात्र वाढत नाही. ती वाढवण्याचे उपाय वेगळे. हवा विरळ होत जाते तसा ठरावीक उंचीमागे दाबात पडणारा फरक कमी होतो. म्हणून दाबावर चालणारे जुने उंचीमापक फार उंचावर पुरेसे अचूक नसत, आणि २९,००० फुटांच्या वर विमानांत २,००० फुटांचे अंतर ठेवावे लागे. उपकरणे सुधारल्यावर जानेवारी २००२ मध्ये युरोपने ४१,००० फुटांपर्यंत हे अंतर १,००० फुटांवर आणले. सात पातळ्यांच्या तेरा झाल्या! पोर्तुगालने २००९ मध्ये ठरावीक हवाई मार्गांऐवजी सरळ मार्गाने जाण्याची मुभा दिली. पुढे इतर देशांनीही ती दिली. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथील केंद्र १९७२ पासून सीमा बाजूला ठेवून काम करते. बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि जर्मनीचा वायव्य भाग यांवरील २४,५०० फुटांपलीकडचे आकाश ते एकत्र सांभाळते.

असे सर्वत्र का होत नाही? आकाश हा देशाच्या सार्वभौमत्वाचा भाग असतो. लष्कराला राखीव भाग हवे असतात, आणि प्रत्येक देशाची यंत्रणा व कर्मचारी वेगळे असतात. युरोपीय संघाने २००४ मध्ये 'एकसंध युरोपीय आकाश' यासाठी कायदे केले. त्यांत २०२४ मध्ये सुधारणा झाल्या. पण काम अजून अपुरेच आहे. त्यात २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद आहे. ती वाहतूक शेजाऱ्यांकडे वळली आहे.

उशीर टाळण्यासाठी नियंत्रकावरील भार वाढवणे हा मात्र मार्ग नव्हे. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील यूबरलिंगेनवर दोन विमानांची टक्कर होऊन ७१ जण ठार झाले. त्यांत बरीच मुले होती. जर्मनीचे ते आकाश स्वित्झर्लंडमधील झुरिक येथून सांभाळले जाई. त्या वेळी तेथे एकच नियंत्रक दोन जागांचे काम पाहत होता. मुख्य दूरध्वनी यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद होती. जर्मनीतील कार्ल्सरूहच्या नियंत्रकांना धोका दिसला, पण त्यांचा फोन झुरिकला लागला नाही. क्षमतेची मर्यादा पाळणे का आवश्यक असते, हे या घटनेवरून कळते.

शेवटी सरासरीविषयी. २०१८ मध्ये युरोपात सुमारे १ कोटी १० लाख उड्डाणे झाली आणि वाटेतील सेक्टरांच्या मर्यादांमुळे सुमारे १ कोटी ९० लाख मिनिटांचा उशीर झाला. सरासरी दर उड्डाणामागे पावणेदोन मिनिटांहून कमी येते. हा आकडा क्षुल्लक वाटतो; पण बहुतेक विमानांना काहीच उशीर होत नाही आणि थोड्यांच्या वाट्याला मोठा उशीर येतो. वर्गात वरील गणित विद्यार्थ्यांकडून पुन्हा करून घ्यावे. पहिल्या तासात ५० विमाने, नंतर दर तासाला ३८ आली, तर रांग संपायला किती तास लागतील? उत्तर पाच येईल. एका तासाच्या गर्दीची ही किंमत त्यांना स्वतः काढू द्यावी.