नाव कुणाचं द्यायचं?

दिवाळीची सुटी संपून कॉलेज भरलं की आविष्कारच्या नोंदणीचं परिपत्रक येतं आणि स्टाफरूममध्ये विचारणा सुरू होते: यंदा कुणाचं नाव द्यायचं? आविष्कार हा महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचा संशोधन महोत्सव. कुलपती म्हणजे राज्यपाल, त्यांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने तो २००६ मध्ये सुरू झाला. भाषा आणि मानव्यविद्यांपासून शेती, अभियांत्रिकी, औषधनिर्माणापर्यंत सहा गट असतात. पदवीच्या मुलांची स्पर्धा वेगळी, पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांची वेगळी. आमची कॉलेजं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाकडे नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली असे चार जिल्हे आहेत. मुलाने पोस्टर लावायचं, शेजारी उभं राहायचं आणि परीक्षक आले की थोडक्या मिनिटांत आपलं काम सांगायचं. निवड झाली तर पुढे व्यासपीठावरून.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि या कामात मला मनापासून रस आहे.

पहिलं नाव बहुतेक वेळा वक्तृत्व स्पर्धा गाजवणाऱ्याचं पुढे येतं. त्याला कारण आहे. मराठवाड्याचा कान व्याख्यानांवर पोसलेला. नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवत, पुढे तिथेच प्राचार्य झाले. १९८२ मध्ये ते गेले, तरी त्यांच्या भाषणांबद्दल इथली ज्येष्ठ मंडळी अजून भरभरून बोलतात. पण कुरुंदकरांच्या बोलण्यामागे आयुष्यभराचं वाचन आणि प्रत्येक मुद्दा उलटसुलट तपासायची सवय होती. आवाज आणि हातवारे उचलणारी मुलं मंचावर छान दिसतात. परीक्षकाने दुसरा प्रश्न विचारला की त्यांच्याकडे सांगायला काही उरत नाही. म्हणून मी नाव शोधायला सभागृहात जात नाही, प्रॅक्टिकलच्या जर्नलकडे जातो.

टायट्रेशनमध्ये ब्युरेटचं रीडिंग तीनदा घ्यायचं असतं. जुळलेल्या रीडिंगला आम्ही सी.बी.आर. म्हणतो, कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. बॅचमधल्या बहुतेकांच्या वहीत ९.८, ९.८, ९.८ असं लिहिलेलं असतं. शेजाऱ्याचं बघून किंवा आधीच्या वर्षीच्या जर्नलवरून. एका मुलीच्या वहीत ९.७, १०.१, ९.८ आणि खाली चौथं रीडिंग होतं, पुन्हा ९.८. दुसऱ्या आकड्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं: थेंब जास्त पडला. ती रेणापूरकडच्या गावातून एसटीने यायची, मागच्या बाकावर बसायची. वर्गात तिने कधी हात वर केलेला मला आठवत नाही. मी तिला आविष्कारबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सर, मला बोलायला न्हाई जमायचं." हे उत्तर मला ओळखीचं आहे. ज्यांची नावं द्यायला हवीत ती मुलं, त्यातही मुली, स्वतःहून नाव सांगायला येत नाहीत. त्यांच्याकडे शिक्षकानेच जावं लागतं, आणि एकदा जाऊन भागत नाही.

विषय तिच्याच घरात होता. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, म्हणून आई डाळीपुरतं जारचं पाणी विकत आणते, असं ती बोलता बोलता सांगून गेली. लातूर ही डाळीची बाजारपेठ. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेही याच शहरात, तेव्हा ही मुलगी प्राथमिक शाळेत असेल. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींमधल्या पेक्टिनला बांधून ठेवतं, त्यामुळे दाणा मऊ पडत नाही. तिने गावातल्या बोअरचं पाणी बाटल्यांत भरून आणलं आणि ईडीटीएने टायट्रेट करून त्याची कठीणता काढली. द्रावण वाइनसारख्या लालवरून निळं होतं, तो क्षण पकडण्यात तिचा हात चांगला बसला होता. मग त्याच पाण्यात, उघड्या भांड्यात, एकाच पोत्यातली डाळ शिजवून वेळ मोजला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. तिचे काही नमुने त्याच्याही वर गेले.

यानंतरच्या कामाला मार्गदर्शन म्हणतात. माझ्या मते त्यातला मोठा भाग मार्गदर्शकाची वाक्यं काढून टाकण्यात जायला हवा. मूल महिनाभर शिक्षकासोबत बसलं की शिक्षकाची भाषा त्याच्या तोंडात बसते. तिच्या पहिल्या मसुद्यात 'भूजलाच्या गुणवत्तेचा ऱ्हास ही ज्वलंत समस्या आहे' असं वाक्य आलं होतं. मी विचारलं, तुझ्या घरी हे वाक्य कोण बोलतं? ती हसली आणि म्हणाली, "आमच्यात म्हणतेत, पाणी खाली जाऊलालंय, बादली पांढरी पडूलाली." आम्ही सुरुवात पांढऱ्या पडलेल्या बादलीपासूनच केली. पाठांतर बंद केलं. कागद बाजूला ठेवून ती रोज वेगळ्या माणसाला काम समजावून सांगू लागली: मराठीच्या मॅडमना, ग्रंथपालांना, लॅबच्या मामांना. सगळ्यांत नेमका प्रश्न मामांनी विचारला. मग सोडा टाकल्यावर डाळ शिजती, ती कशी? तिला सांगता आलं नाही. दोन दिवस पुस्तकं धुंडाळून ती उत्तर घेऊन आली: सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं, काही कॅल्शियम कार्बोनेट होऊन बाजूला पडतं आणि पेक्टिन सुटायला लागतं. पोस्टरवर त्यासाठी एक चौकट वाढली.

प्रश्नांचा सराव आमच्या भागात वेगळ्या कारणाने लागतो. लातूर पॅटर्नने इथल्या मुलांना हजारो प्रश्नपत्रिका सोडवायला शिकवलं, खेड्यापाड्यांतली मुलं त्या बळावर डॉक्टर-इंजिनिअर झाली, याचा मला अभिमान आहे. पण त्याच सवयीने मुलं प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतात. संशोधनाच्या पोस्टरपुढे प्रश्न पूर्ण ऐकावा लागतो, कधी परीक्षकालाच विचारावं लागतं की तुम्हाला नमुन्याबद्दल विचारायचंय की पद्धतीबद्दल. आणि 'हे मी तपासलेलं नाही' असं सरळ सांगावं लागतं. हे वाक्य मान खाली न घालता म्हणायला तिला बरेच दिवस लागले.

घरची परवानगी, सोबत येणाऱ्या मॅडम, नळीत गुंडाळलेलं पोस्टर, चाकूर-अहमदपूर-लोहा करत नांदेड. ही धावपळ प्रत्येक कॉलेजला ठाऊक आहे. विष्णुपुरीच्या परिसरात तिने पोस्टर लावलं तेव्हा शेजारी एक मुलगा इंग्रजीतून घडाघडा बोलत होता. ती थोडी बिचकली. परीक्षकांनी डाळ एकाच पोत्यातली होती का, ते विचारलं. ब्लँक टायट्रेशन घेतलं का, तेही विचारलं. दोन्ही उत्तरं तिच्याकडे होती. मग प्रश्न आला: हे पावसाळ्यानंतरचं पाणी आहे, मे महिन्यातलं कुठे आहे? ती म्हणाली, "ते मी तपासलेलं नाही. उन्हाळ्यात आमची निम्मी बोअर बंद असतात, राहिलेल्यांचं पाणी बहुतेक जास्त जड असेल, पण तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

व्यासपीठाच्या फेरीसाठी तिची निवड झाली नाही. परीक्षकांचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचं मूळ वेळापत्रकात आहे. परिपत्रक हिवाळ्याच्या तोंडावर येतं, स्पर्धा लगेच पुढे. त्यात नाव सुचवलेल्या मुलाच्या वाट्याला एकच ऋतू येतो. पाणी, माती, सोयाबीन, गुरांचा चारा, आमच्याकडच्या मुलांना सुचणारे विषय सगळे ऋतूंवर चालतात. म्हणून नावं उन्हाळ्यातच ठरली पाहिजेत असं माझं ठाम मत झालं आहे. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षा संपायच्या आत जर्नल चाळायचे, मुलांशी बोलायचं, आणि सुटीत गावी जाताना त्यांच्या हातात नमुन्याच्या स्वच्छ बाटल्या आणि लेबलं द्यायची. लेबलवर बोअरची खोली, तारीख आणि वेळ. गेल्या मे महिन्यात आमच्या विभागाने तशा बाटल्या वाटल्या. त्या मुलीने सुटीत गावातल्या चालू असलेल्या प्रत्येक बोअरचं पाणी भरलं आणि आता एम.एस्सी.ला गेल्यावर पदव्युत्तर गटात तेच काम पुढे न्यायचं ठरवलं आहे.