ओव्हनच्या मागून गॅसची नळी नको



आपल्या खेड्यांतील स्वयंपाकघरे झपाट्याने बदलत आहेत. मुंबईत १९५५ साली घरगुती गॅसची विक्री सुरू झाली, तेव्हा ही शहरातल्या मोजक्या घरांची चैन होती. पुढे गॅस तालुक्याच्या गावी आला आणि मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर वाडीवस्तीवरच्या चुलीशेजारीही टाकी दिसू लागली. आता नव्याने बांधलेल्या घरांत आणखी एक वस्तू येत आहे. ती म्हणजे ओट्याखालच्या कपाटात कायमचा बसवलेला ओव्हन. नाताळच्या दिवसांत केक, बाथ, बोलिन्हा घरीच भाजता येतात, त्यामुळे घरच्या बायकांची मोठी सोय होते. यात वाईट काहीच नाही. पण ओव्हन बसवताना गॅसची नळी कोठून न्यावी याचा विचार फारच थोड्या घरांत होतो.

बहुधा घडते ते असे. सुतार कपाटे बसवतो. नळी लोंबकळताना दिसू नये म्हणून तो फळीला भोक पाडतो आणि ती ओव्हनच्या पाठीमागून शेगडीपर्यंत नेतो. वरून पाहता काम सुबक दिसते. परंतु जी नळी दिसत नाही तिची तपासणी होत नाही, आणि जी नळी तापते ती लवकर खराब होते. येथे हे दोन्ही दोष एकत्र येतात.

उष्णतेने नळीचे काय होते?

पाण्याची रबरी नळी शेतात उन्हात पडून राहिली तर काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. ती कडक होते, वाकवली की तिला बारीक भेगा पडतात, आणि टोकाशी ती सैल होऊन पाणी गळते. गॅसच्या नळीचेही तसेच होते. केक भाजताना ओव्हनच्या आत साधारण २०० अंश सेल्सियस उष्णता असते. बाहेरचा पत्रा तेवढा तापत नाही, हे खरे. पण मागच्या बंद जागेत गरम हवा कोंडून राहते, आणि नाताळच्या आठवड्यात ओव्हन तासन् तास चालू असतो. पाणी गळले तर वाफा भिजतो. गॅस गळला तर घर जाते.

गॅस जातो कोठे?

टाकीतील गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. हे वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतात. म्हणून गळलेला गॅस धुरासारखा वर जात नाही. वरच्या खाचरातले पाणी जसे खालच्या खाचरात उतरते, तसा तो जमिनीलगत उतरतो आणि ओट्याखाली, कपाटाच्या तळाशी किंवा मोरीच्या खोलगट जागेत साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ ते ९ टक्के झाले की एक ठिणगी पुरते. ओट्याखालच्या कपाटात विजेचा ओव्हन, त्याचा प्लग आणि त्याचे बटण ही ठिणगीची ठिकाणे आधीच हजर असतात. गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणूनच त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. पण बंद कपाटातला वास आपल्या नाकापर्यंत उशिरा पोचतो.

नळी कशी न्यावी?

१. मांडणी आधी ठरवावी. मध्ये शेगडी, तिच्या एका बाजूला टाकी आणि दुसऱ्या बाजूला ओव्हन, ही सर्वांत सोपी रचना. मग नळीला ओव्हन ओलांडावाच लागत नाही. ओव्हन शेगडीच्या बरोबर खाली असेल, तर नळी टाकीच्या बाजूने ओट्यावर घ्यावी. ओव्हनच्या खणातून ती कधीही नेऊ नये.

२. नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी, आणि दोन तुकडे जोडून तर मुळीच केलेली नसावी. आय.एस.आय. शिक्का असलेली, आत तारेची जाळी असलेली ‘सुरक्षा’ नळीच घ्यावी. भात घरात आले की उंदीरही येतात. साधी रबरी नळी ते सहज कुरतडतात, जाळीची नळी कुरतडणे अवघड जाते. दर पाच वर्षांनी नळी बदलावी. भेग दिसली तर त्याच दिवशी बदलावी.

३. नळी भिंतीच्या आत किंवा फळीमागे दडवू नये. ती सबंध डोळ्यांना दिसली पाहिजे. तिला पीळ नसावा, ताण नसावा, आणि तिच्यावर डबे ठेवू नयेत.

४. अंतर जास्तच असेल तर लांब नळी हा उपाय नव्हे. गॅस एजन्सीच्या माणसाकडून भिंतीवर, उघड्या जागी, धातूचा पक्का पाईप आणि कॉक बसवून घ्यावा, आणि लवचिक नळी फक्त टोकांना ठेवावी. हे सुताराचे किंवा गवंड्याचे काम नव्हे.

५. ओव्हन गॅसवर चालणारा असेल, तर नळी जोडण्याचे तोंड मागच्या बाजूला असते. काही ओव्हनला ते डावीकडे व उजवीकडे असे दोन्हीकडे असते. टाकीच्या जवळचे तोंड वापरावे, म्हणजे नळी तापलेल्या पाठीवरून आडवी जात नाही. तोंड बदलण्याचे काम मेकॅनिककडूनच करून घ्यावे.

६. टाकी उभी ठेवावी आणि शेगडी टाकीपेक्षा उंचावर असावी. ओव्हनशेजारच्या खणात टाकी ठेवू नये. टाकी कपाटात ठेवलीच, तर त्या कपाटाला तळाशी हवेची भोके हवीत. केवळ वरच्या बाजूला पाडलेल्या भोकांनी जड गॅस बाहेर जात नाही.

घरच्या घरी तपासणी

ओव्हन अर्धा तास चालवून बंद करावा आणि नळीला हात लावून पाहावा. ती गार लागली पाहिजे. कोमट लागली तर तिची वाट चुकली आहे असे समजावे. महिन्यातून एकदा नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती शोधणे म्हणजे आगीला आमंत्रण. रात्री आणि शेतावर जाताना रेग्युलेटर बंद करण्याची सवय घरातल्या सर्वांना असावी.

वास आलाच तर?

काडी ओढू नये. दिवा, पंखा, ओव्हन यांचे बटण दाबू नये, चालू करण्यासाठी नाही आणि बंद करण्यासाठीही नाही. प्लगही ओढू नये. देवघरातला किंवा वेदीवरचा दिवा आणि चूल पेटलेली असेल तर ती विझवावी. रेग्युलेटर बंद करून टाकीला टोपण लावावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, मुलांना व म्हाताऱ्यांना आधी बाहेर काढावे. विजेचा मेन स्विच घराबाहेर, वासापासून दूर असेल तरच बंद करावा. मग बाहेर, लांब जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. तो दिवसरात्र चालू असतो.

घरात ओव्हन आधीच बसवला असेल, तर आज संध्याकाळी कपाट उघडून नळी कोठून गेली आहे ते पाहावे. ती ओव्हनच्या मागून गेली असेल, तर नाताळच्या भाजणीपूर्वी तिची वाट बदलून घ्यावी. फळीचे एक भोक बुजवावे लागेल आणि नवी नळी घ्यावी लागेल. कपाटांवर झालेल्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.