बबलवर दरारा मोठ्या स्टॅकचा

पोकरच्या मोठ्या स्पर्धा रंगतात त्या गोव्यात, मांडवी नदीतल्या कॅसिनो जहाजांवर. महाराष्ट्रात कॅसिनोला वाव नाही. कधीच अमलात न आलेला १९७६ चा कॅसिनो कायदाही २०२३ मध्ये रद्द झाला.

अशा स्पर्धेतला सगळ्यात थरारक टप्पा म्हणजे बबल. आणखी एक जण बाद झाला की उरलेले सगळे बक्षिसात!

समजा, चौघे उरलेत आणि बक्षिसं तीनच: ५०, ३० आणि २० हजार रुपये. चिप्स ५०००, २०००, २००० आणि १०००. पाच हजारवाला एका दोन हजारवाल्यावर ऑल-इन टाकतो, म्हणजे सगळ्या चिप्स लावतो. ब्लाइंड (सक्तीच्या सुरुवातीच्या पैजा) बाजूला ठेवले, तर नुसत्या चिप्सच्या हिशेबाने कॉलला (ती पैज स्वीकारायला) निम्मी शक्यताही पुरते. पण आयसीएमच्या, म्हणजे चिप्सची किंमत बक्षिसाच्या रुपयांत मोजणाऱ्या, गणिताने त्याच्या २००० चिप्सची किंमत सुमारे २४,३०० रुपये. जिंकून ४००० झाल्या तरी ती ३३,६०० वरच थांबते. हरला तर हाती शून्य. म्हणजे कॉलसाठी जिंकण्याची शक्यता ७२ टक्के हवी. समोरचा वाटेल त्या पत्त्यांवर ऑल-इन टाकत असला, तरी एक्का-राजा जेमतेम ६५-६७ टक्के देतो.

म्हणूनच मुरलेला मोठा स्टॅक (सर्वाधिक चिप्सवाला) मधल्या दोघांवर सतत दबाव ठेवतो. हजारवाल्याला संपवायची मात्र तो घाई करत नाही, कारण हजारवाला टेबलावर आहे तोवरच मधले दोघे निमूट पत्ते टाकून देतात.