दाखला नाही म्हणून शाळा अडत नाही

“उर्दू शाळा म्हणजे मदरसाच की!” धाराशिवमध्ये हे वाक्य शिकलेली माणसंही बोलतात. ते चूक आहे. जिल्ह्यातल्या उर्दू माध्यमाच्या शाळांत बालभारतीचीच पुस्तकं असतात, मराठी हा विषय सक्तीचा असतो आणि दहावीची परीक्षा लातूर विभागीय मंडळच घेतं. शिवाय १९४८ पर्यंत इथे निजामाचं राज्य होतं. तेव्हा हायस्कुलात शिकलेले मराठवाड्यातले हिंदू आजोबाही उर्दूतूनच गणित-इतिहास शिकले. हा वारसा आपण फार लवकर विसरलो.

बंजारा तांड्यावरच्या मुलांबद्दलचा शेरा याहून जिव्हारी लागतो: “पोरगं मठ्ठ आहे, बोलतच नाही.” घरी गोरमाटी बोलणारा पहिलीतला मुलगा “चार खडे उचल” म्हटल्यावर नुसता बघत राहतो. शेजारची मुलगी तेच गोरमाटीत सांगते, आणि चार खडे लगेच पुढे येतात. त्याला मोजता येत होतं, अडली होती फक्त भाषा. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय व्हावी, असं राज्यघटनेचं कलम ३५० (क) सांगतं. गोरमाटीची पुस्तकं येतील तेव्हा येतील, पण गुरुजींनी पाच-पन्नास शब्द शिकून घ्यायला कुणाची आडकाठी नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज मात्र शाळा सोडल्याच्या दाखल्याशिवाय प्रवेश मिळत नाही, हा आहे. भूम, वाशी, कळंबकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरलेला असतो. अशा आईबापांना शिक्षणाची किंमत नाही, असं म्हणणं अन्यायाचं आहे. मागे आजी-आजोबा असतील, तर हंगामी वसतिगृह योजनेतून मुलाच्या गावातच जेवणाची सोय होऊ शकते. त्यासाठी टोळी निघण्याआधी शाळेत सांगून ठेवावं.

मूल सोबत गेलंच, तर नव्या गावात पहिला प्रश्न दाखल्याचाच येतो, “टीसी आणली का?” शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ नुसार आठवीपर्यंत सरकारी किंवा अनुदानित शाळेला दाखल्यासाठी प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. उलट, दाखला द्यायला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावरच शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. वयाचा पुरावा नसला, तरीही प्रवेश द्यावाच लागतो. दहा वर्षांच्या मुलीची शाळा मधेच सुटली असेल, तर तिला पहिलीत न बसवता वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि राहिलेला अभ्यास खास प्रशिक्षणातून भरून काढायचा, असं कलम ४ सांगतं.

तरीही कुणी परत पाठवलं, तर तोंडी वाद घालत बसू नये. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.