व्याकरणाचा धाक आणि आपली मुले

बुलढाणा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवितो. माझ्या घराण्यात पदवी मिळविणारा मी पहिला. माझ्या वर्गातील अनेकांचे तसेच होणार आहे. ही मुले इंग्रजी वाचतात, समजून घेतात, पण बोलायची वेळ आली की गप्प होतात. नियम चुकला की हसे होते, हा धाक त्यांच्या मनात शाळेपासून बसलेला असतो. तेव्हा हे नियम कोणी केले, हे पाहणे अगत्याचे आहे.

१६५३ साली जॉन वॉलिसने इंग्रजीचे व्याकरण लिहिले, तेही लॅटिनमध्ये. साध्या भविष्यकाळी ‘आय’, ‘वी’ यांच्यापुढे ‘शॅल’ आणि इतरांपुढे ‘विल’, हा दंडक त्याने घातला. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूने लिहिले की, ‘फॉर’, ‘विथ’ असे शब्द वाक्याच्या शेवटी येणे बोलण्यात रूढ आहे, पण गंभीर लेखनाला ते शोभत नाही. पुढच्या मास्तरांनी या अभिरुचीचा कायदा केला. लॅटिन ही त्यांची संस्कृत. तिच्या मापाने लोकांची भाषा मोजली गेली. आज खुद्द इंग्रज सर्रास ‘आय विल’ म्हणतो आणि ‘हू आर यू वेटिंग फॉर?’ असे विचारतो.

हाच न्याय आपल्या वऱ्हाडीला लावला जातो. ‘मी वाचून रायलो’ हे अशुद्ध ठरते. वास्तविक त्यात चोख व्याकरण आहे. ‘मी वाचतो’ म्हणजे नेहमीचे. ‘वाचून रायलो’ म्हणजे या घडीला चाललेले. ‘आय रीड’ आणि ‘आय अ‍ॅम रीडिंग’ यांतला फरक मी यावरूनच शिकवितो. ‘मले ठाऊक हाये’ म्हणणारा मुलगा ‘आय अ‍ॅम नोइंग’ का चुकते, हेही पटकन ओळखतो.

मग नियम सोडून द्यावेत काय? मुळीच नाही. स्पर्धापरीक्षेत व्याकरणाचे प्रश्न असतात, नोकरीचा अर्जही त्याच कसोटीवर वाचला जातो. अभिजनांच्या मुलांना नियमही ठाऊक असतो आणि तो कोठे मोडावा हेही. नियम मोडण्याची चैन त्यांना परवडते. आपल्या मुलांच्या बाबतीत तेच अज्ञान ठरते. म्हणून नियम लपविणे ही दया नव्हे, ती फसवणूक आहे.

मात्र दोन गोष्टी वेगळ्या करून सांगाव्यात. ‘ही डिड नॉट वेन्ट’ ही रचनेचीच चूक; ती सुधारावी. ‘हू’ऐवजी ‘हूम’ हा औपचारिक लेखनाचा रिवाज. तो परीक्षेसाठी शिकवावा, पण त्यावरून कोणाची बुद्धी मोजू नये. आणि मूल बोलत असताना कोणतीही चूक मध्येच पकडू नये. वाक्य पुरे होऊ द्यावे, मग सांगावे.